उभं इंजिन, चालतं इंजिन

(रहाटणी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

रहाटणीत ना रेल्वेचा रूळ, ना स्टेशन. गाडी पकडायची तर पवना ओलांडून पिंपरी नाहीतर चिंचवड गाठावं लागतं. मग वाफेच्या इंजिनांवर इथे व्याख्यान कशाला, हा प्रश्न तुमच्यातल्या काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. त्यामुळे पहिलं उत्तर त्यालाच देतो.

आपल्या भागात आजही ‘मी टेल्कोत होतो’ असं सांगणारी माणसं घरोघरी आहेत. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण जुन्या माणसाच्या तोंडी टेल्कोच. आता या ‘टेल्को’तला ‘एल’ कशाचा? टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वेचं इंजिन. १९४५ मध्ये जमशेदपूरला ही कंपनी निघाली ती ट्रक बनवण्यासाठी नव्हे, वाफेची इंजिनं बनवण्यासाठी. मीटर गेजची, म्हणजे मध्यम रुंदीच्या रुळांची, वायपी आणि वायजी जातीची हजाराहून जास्त इंजिनं तिने बनवली आणि १९७० मध्ये ते काम थांबवलं. पिंपरीचा कारखाना १९६६ पासूनचा. म्हणजे इथल्या कामगाराने पस्तीस वर्षं ज्या कंपनीत नोकरी केली तिच्या नावात रेल्वे इंजिन होतं, आणि त्याने आयुष्यात एकही इंजिन बनताना पाहिलं नाही. मला ही गोष्ट गमतीची वाटते. थोडी चुटपुट लावणारीही.

तर नातं आहे. पण मला आज जे सांगायचं आहे ते नावापुरत्या नात्याचं नाही. जुनं इंजिन जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या देशात जपलेली वाफेची इंजिनं पुष्कळ आहेत. स्टेशनाबाहेर, रेल्वेच्या कचेऱ्यांसमोर, बागांमध्ये चौथऱ्यावर ठेवलेली. काळा रंग, लाल पट्टे, भोवती साखळी, समोर पाटी. ही उभी इंजिनं. वाफ भरून स्वतःच्या बळावर चालणारी मात्र अगदी मोजकी. या दोहोंत फरक फक्त कोळसा-पाण्याचा असता, तर प्रश्न सोपा होता. चौथऱ्यावरच्या इंजिनात पाणी भरून खाली जाळ केला तर ते चालणार नाही. आणि कृपा करून तसं कुणी करूही नका. का, ते नीट सांगतो. इथे जरा वेळ घेणार आहे, कारण सगळा विषय इथेच अडकलेला आहे.

वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेला बॉयलर. मागे ड्रायव्हरच्या पायांपाशी फायरबॉक्स, म्हणजे जाळाची पेटी. तिथली गरम हवा आणि धूर बॉयलरमधून आडव्या गेलेल्या शेकडो नळ्यांतून पुढे जातात आणि पुढच्या धुराड्यातून बाहेर पडतात. नळ्यांच्या भोवती पाणी. पाण्याची वाफ झाली की ती साध्या हवेच्या दाबाला सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती जागा आपण देत नाही, कोंडून ठेवतो, म्हणून दाब तयार होतो. टेल्कोच्या वायपी, वायजी इंजिनांत हा दाब चौरस इंचाला २१० पौंड. तुमच्या मोटारीच्या टायरमध्ये तीसएक पौंड असतो. म्हणजे त्याच्या सातपट. आणि एवढ्या दाबाखाली आतलं पाणी दोनशे अंशांच्या आसपास तापलेलं असूनही पाणीच असतं. पत्रा कुठे फाटलाच, तर दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा मोठा भाग क्षणात वाफ होऊ बघतो. बॉयलर फुटणं म्हणजे हे.

आता फायरबॉक्स बघा. ही पेटीत पेटी आहे. आतल्या पेटीत जाळ, बाहेरची पेटी बॉयलरचा भाग, मधल्या फटीत पाणी. दोन्ही पत्रे एकमेकांपासून दूर ढकलले जाऊ नयेत म्हणून त्यांना जोडणाऱ्या शेकडो लहान दांड्या असतात. त्यांना ‘स्टे’ म्हणतात. आतला पत्रा जाळामुळे जास्त वाढतो, बाहेरचा कमी. रोज तापणं, रोज निवणं. या ओढाताणीत स्टे हळूहळू वाकतात आणि एखादा तुटतो. तुटलेला वरून दिसत नाही. मग कळायचं कसं? जुना बॉयलरमेकर लहान हातोडा घेऊन आत शिरायचा आणि एकेका स्टेवर टोला द्यायचा. धड स्टेचा आवाज खणखणीत, तुटलेल्याचा बद्द. हे पुस्तकात लिहिता येतं, पण खणखणीत म्हणजे किती आणि बद्द म्हणजे किती, हे कानानेच शिकावं लागतं, आणि ज्याला येतं त्याच्या शेजारी बसूनच शिकावं लागतं. काही बॉयलरांत स्टेला मधोमध बारीक भोक ठेवलेलं असतं. स्टे तुटला की त्यातून पाणी-वाफ पाझरते आणि चोर आपोआप सापडतो. ही युक्ती मला फार आवडते. यंत्रालाच चुगली करायला शिकवलेलं आहे.

जाळपेटीच्या छतावर सतत पाणी हवं. पाणी खाली गेलं तर छताचा पत्रा उघडा पडतो, लाल होतो, मऊ पडतो, आणि दाब त्याला खाली दाबतो. म्हणून काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते आणि फायरमनची नजर कोळशाइतकीच त्या काचेवर असते. छतात शिशाची बुचं बसवलेली असतात. पाणी उतरलं तर शिसं वितळतं, वाफ जाळावर सुटते आणि कळतं की चुकलं. शिसं वितळेपर्यंत वेळ येऊ देणारा फायरमन चांगला फायरमन नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

पाण्यातले क्षार पत्र्यावर बसतात. आपल्या घरच्या गीझरमध्ये बसतात तसेच. हा थर उष्णता अडवतो, मग पत्रा जळतो. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून, तळाची झाकणं काढून, जोरदार पाण्याने धुवावा लागतो. तोही पूर्ण निवल्यावर. गरम बॉयलरवर गार पाणी मारलं तर पत्र्याला भेगा. तापवतानाही घाई चालत नाही. थंड पडलेलं इंजिन सकाळी दहाला चालवायचं तर त्याची तयारी पहाटे, आणि मोठं असेल तर आदल्या रात्री सुरू होते. तेलात भिजलेलं कॉटन वेस्ट, लाकूड, मग थोडा थोडा कोळसा. सगळं धातुकाम सारखं वाढू द्यायचं.

हे इतकं सविस्तर अशासाठी सांगितलं, की चौथऱ्यावर तीस-चाळीस वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाच्या आत काय झालं असेल याचा अंदाज यावा. पावसाचं पाणी धुराड्यातून आत जातं आणि साचतं. नळ्या गंजतात. पत्र्याची जाडी कुठे किती उरली कुणालाच ठाऊक नसतं. दरवर्षी कुठल्यातरी पाहुण्यांच्या दौऱ्याआधी वरून रंगाचा एक हात मारतात. गंजावर रंग. बाहेरून इंजिन चकचकीत, आतून चाळणी. पितळेचे, तांब्याचे भाग तर आधीच गेलेले. अहो, फेअरी क्वीनसारख्या इंजिनालाही हे चुकलं नाही. १८५५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला बनलेलं हे इंजिन, १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी गाडीला जुंपलं गेलं, चालू स्थितीतलं जगातलं सर्वांत जुनं इंजिन म्हणून गिनीज बुकात नोंदलं गेलं. आणि २०११ मध्ये लक्षात आलं की शेडमध्ये उभं असताना त्याचे भाग चोरीला गेलेत. मग चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात ते भाग नव्याने बनवून त्याला परत उभं केलं. बनवू शकले, कारण तिथे अजून करणारे हात होते.

उभं इंजिन जपायला पहारेकरी पुरतो, चालतं इंजिन जपायला कारागीर लागतात, आणि कारागीर चालत्या इंजिनावरच घडतात. इंजिन थांबलं की दहा वर्षांत कारागीर विखुरतो, वीस वर्षांत म्हातारा होतो. आपल्याकडे ब्रॉड गेजवरची वाफ डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. तेव्हा पंचविशीतला असलेला सर्वांत धाकटा फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेलेला आहे. १९७०च्या सुमाराला बॉयलरचं काम शिकलेला माणूस पंचाहत्तरीच्या घरात किंवा पुढे. हिशोब तुम्हीच करा.

हा हिशोब इंग्लंडमध्ये आपल्या आधी चुकता करायची वेळ आली, आणि तो कुणी केला ते ऐकण्यासारखं आहे. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे होती, १८६५ची, पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली. १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले. खाण आधीच बंद झालेली. रेल्वे भंगारात जाणार हे उघड होतं. टॉम रोल्ट नावाच्या एका लेखकाने पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरवली. ठरलं काय, तर ही रेल्वे आपण चालवायची. आपण म्हणजे कोण? जमलेली हौशी मंडळी. बहुतेकांनी कधी इंजिनाला हात लावलेला नव्हता. ताब्यात आलेली इंजिनं दोन, त्यातलं चालणारं एक, डोल्गॉख नावाचं, तेही खिळखिळं. बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी पंचवीस-पंचवीस पौंडांना विकत आणली. आणि मे १९५१ मध्ये गाडी सुटली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे ती हीच. आज ब्रिटनमध्ये अशा शंभरावर रेल्वे आहेत आणि त्यांवर वीस हजारांहून जास्त लोक पगार न घेता काम करतात.

त्यांच्याकडे एक योगायोगही घडला. वेल्समधल्या बॅरी गावात वुडहॅम नावाच्या भंगारवाल्याकडे ब्रिटिश रेल्वेची जवळजवळ तीनशे इंजिनं तोडायला आली. त्याने आधी वाघिणी तोडायला घेतल्या, ते काम सोपं होतं म्हणून, आणि इंजिनं वर्षानुवर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रांगेने पडून राहिली. हौशी मंडळी वर्गणी गोळा करायची, एकेक इंजिन विकत घ्यायची, ओढून न्यायची. अशी २१३ इंजिनं वाचली. गंजाचे सांगाडे होते ते. एकेकाला चालतं करायला दहा, वीस, काहींना त्याहून जास्त वर्षं लागली.

म्हणून रम्य चित्र उभं करून सोडत नाही. हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो. शनिवारी सकाळी शेडमध्ये आलेला नवा माणूस, मग तो बँकेत मॅनेजर का असेना, त्याच्या हातात पहिल्यांदा कापडाचा बोळा आणि रॉकेल मिळतं. साफसफाई. हे हलकं काम नव्हे हं. चाकांमधलं, दांड्यांवरचं जुनं ग्रीस पुसतानाच भेग दिसते, सैल झालेला नट सापडतो. पुसणारा हाच पहिला तपासनीस. मग राखेचा खड्डा उपसणं, पुढच्या धुरपेटीतली काजळी खरवडणं, जाळीवर चिकटलेला क्लिंकर फोडणं. पूर्वी आपल्या रेल्वेतही हीच चढण होती: क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. तिथल्या स्वयंसेवकांना ती अशीच चढावी लागते. नियमांच्या परीक्षा, डॉक्टरी तपासणी, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ठरावीक फेऱ्या. हौस आहे म्हणून कुणी रेग्युलेटर हातात देत नाही.

आणि इंजिन काही वर्षं चाललं की ते पूर्ण खोलायचं. बॉयलर चौकटीतून उचलून वेगळा काढायचा, नळ्या सगळ्या काढून नव्या घालायच्या, पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजायची. चाकांवरचे पोलादी टायर झिजले असतील तर नवे तापवून, फुगवून चढवायचे आणि निवताना आवळू द्यायचे. आपल्या बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवायचा, अगदी तीच क्रिया. बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतायचा आणि हाताने खरवडून बसवायचा. नकाशे नसतात, तेव्हा झिजलेल्या भागावरून मूळ माप ओळखायचं, लाकडी पॅटर्न करायचा, ओतकाम करून घ्यायचं. पाच दिवस वेगळी नोकरी करणारी माणसं शनिवार-रविवारी हे करतात. एका सुटलेल्या गाडीमागे शेडमधले कितीतरी काळे रविवार असतात.

तिथेही काही कौशल्यं हातून गेलीच. टॉर्नेडो नावाचं मोठं एक्सप्रेस इंजिन काही ब्रिटिश मंडळींनी एकोणीसशे नव्वदपासून वर्गण्या गोळा करून संपूर्ण नवं बनवलं, ते २००८ मध्ये पुरं झालं. खर्च सुमारे तीस लाख पौंड. पण त्याचा बॉयलर कुठे बनला? जर्मनीत, मायनिंगनच्या कारखान्यात. ज्या देशाने जगाला रेल्वे इंजिन दिलं, त्या देशाला तो बॉयलर बाहेरून करून आणावा लागला.

आता घरी येऊ. आपल्या जवळची, आपली म्हणावी अशी वाफेची रेल्वे म्हणजे नेरळ–माथेरान. आदमजी पीरभॉय यांचा पैसा, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास, आणि सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी बार्शी लाइट रेल्वे उभी केली तेच. १९०७ मध्ये ही गाडी सुरू झाली. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, अशी चढण, आणि वळणं इतकी कडक की साधं सहा चाकांचं इंजिन तिथे वळणार नाही. त्यावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीने तोड काढली. टोकाच्या आसांवर आस चढवला. आत भरीव आस, त्याभोवती पोकळ आस, मधे गोळीचा सांधा. आतला आस सरळ राहतो, बाहेरचा पोकळ आस चाकांसकट वळणाप्रमाणे तिरका होतो. कल्पना सुंदर. देखभाल करणाऱ्याची मात्र परीक्षा, कारण हा सांधा झिजतो आणि तो आत लपलेला असतो.

अशी चार इंजिनं आली. १९५५ पासून या मार्गावर डिझेल आलं, आणि एकोणीसशे ऐंशीच्या दशकात वाफ संपली. त्या चारांतलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, एक नेरळला उभं आहे. आणि एक, ७४० क्रमांकाचं, इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड नावाच्या छोट्या रेल्वेच्या ताफ्यात पोचलं. ती रेल्वे वाळू वाहायला १९१९ मध्ये बांधलेली आणि स्वयंसेवकांनी चालवलेली. म्हणजे माथेरानच्या इंजिनाचं दार उघडून तो चमत्कारिक आस समजून घेण्याचा खटाटोप कुणी हौसेने केला असेल, तर तो सातासमुद्रापार. मला याबद्दल त्यांचा राग नाही. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण आपल्याकडे हा खटाटोप का झाला नाही, हे विचारायला हवं.

भारतात काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. हरियाणातली रेवाडी शेड १८९३ची. तिथे ‘अकबर’सारखी इंजिनं आजही वाफेवर असतात. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने दात्यांच्या रुळावर चढणारी वाफेची इंजिनं नव्याने बनवली. टॉर्नेडोच्या बॉयलरची गोष्ट आठवून बघा, म्हणजे हे किती मोठं काम आहे ते कळेल. इंडियन स्टीम रेल्वे सोसायटी १९९९ पासून याचा पाठपुरावा करते आहे. पुण्यात भाऊ जोशींनी कोथरूडला छोट्या गाड्यांचं संग्रहालय उभं केलं, त्याने कितीतरी मुलांना हे वेड लावलं. पण प्रत्यक्ष इंजिनावर काम करणारे हात मात्र रेल्वेच्या पगारी नोकरांचे. नागरिकांना शेडच्या आत जागा नाही.

त्याची उघड कारणं आहेत. इथे रेल्वेचा मालक एकच, सरकार. टॅलिलिनसारखी वारस नसलेली रेल्वे इथे कुणाच्या ओंजळीत पडत नाही. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न अधिकाऱ्याला पहिला पडतो, आणि तो चूक नाही. पण एक कारण आपल्यात आहे. हाताला काळं लागू नये म्हणून आपण मुलांना शिकवलं. जे काम पोटासाठी कुणीतरी नाइलाजाने करतं ते सुट्टीच्या दिवशी हौसेने करायचं, ही कल्पनाच आपल्या पांढरपेशा मनाला झेपत नाही. ऑइलने माखलेला माणूस आपल्याला गरजू वाटतो, छांदिष्ट वाटत नाही.

मात्र यालाही आपल्याच महाराष्ट्रात उत्तर आहे. गेल्या काही वर्षांत रविवारी गडांवर जाऊन बघा. आयटीतली, कारखान्यांतली पोरं-पोरी पाण्याची टाकी उपसतात, झाडोरा काढतात, ढासळलेल्या पायऱ्यांचे दगड जागेवर आणतात. गडही सरकारच्याच ताब्यात असतात. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, काय हलवायचं आणि काय नाही हे जाणकाराला विचारावं लागतं, कधी खटके उडतात. तरी वाट निघाली. तेव्हा मराठी माणूस अंगमेहनतीचं स्वयंसेवेचं काम करत नाही, हे म्हणणं टिकत नाही. इंजिन त्याच्यासमोर कुणी ठेवलेलंच नाही, एवढंच.

आणि हात कुठले हवेत, हे बघितलं की मी रहाटणीत का बोलतोय ते कळेल. वाफ रेल्वेतून गेली, आपल्या पट्ट्यातून गेलेली नाही. चिंचवडला थरमॅक्स, कासारवाडीला फोर्ब्स मार्शल, या कंपन्यांचा धंदाच बॉयलरचा आणि वाफेचा आहे. औषधांच्या, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतून आज रात्रपाळीलाही बॉयलर अटेंडंट काचेतली पातळी बघत बसलेला असेल. त्याच्याकडे सरकारी परीक्षेचा परवाना आहे. दाब, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याचे क्षार, हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. भोसरीत ओतकामवाले आहेत, लाकडी पॅटर्न करणारे जुने सुतार आहेत. झिजलेला तुकडा हातात घेऊन ‘हे मूळ असं असणार’ म्हणणारे टूलरूममधले निवृत्त फिटर तर काळेवाडी-थेरगाव-रहाटणीत गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातले कित्येक सकाळी बागेत बाकावर बसलेले असतात. एवढं सगळं एका तालुक्याच्या अंतरात असलेली जागा देशात फारशी सापडणार नाही.

यांना रेल्वेच्या बॉयलरमधलं काय येत नाही, तेही सांगतो. कारखान्यातला बॉयलर एका जागी बसलेला असतो. इंजिनाचा बॉयलर धक्के खातो, चढावर मागे झुकतो, उतारावर पुढे, आणि त्यासरशी पाणी सरकतं. जाळ वाफेच्याच फुंकरीने पेटता राहतो. इंजिन जितकं जोरात ओढेल तितका जाळ फुलतो. हे सगळं सांगू शकणारी माणसं दौंडला, सोलापूरला, मिरजेला, कुर्डुवाडीला असतील. जुन्या शेडांची गावं आहेत ही. कारागीर एका गावात आणि अनुभव दुसऱ्या गावात, अशी आपली स्थिती आहे. दोघांची गाठ घालून द्यायला हातात वर्षं फार नाहीत.

हल्ली एक सोपा मार्गही निघाला आहे. गुजरातमध्ये २०२३ मध्ये एकता नगरची वारसा गाडी सुरू झाली. विजेवर चालणारी, पण पुढचं रूप वाफेच्या इंजिनाचं. प्रवाशांना मजा येते, येऊ दे. फक्त त्याला वारसा म्हणताना जीभ अडखळते. त्या गाडीमुळे एकही माणूस स्टेवर हातोडा मारायला शिकत नाही.

इथे थांबतो. काही प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

एका ताईंनी चिठ्ठी दिली आहे: ‘कोळसा जाळून धूर करणाऱ्या यंत्राचं कौतुक आजच्या काळात योग्य आहे का?’ प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. रोजच्या वाहतुकीसाठी वाफ परत यावी असं मी म्हणत नाही, कुणीच म्हणत नाही. वर्षातून काही दिवस, एखादं इंजिन, थोड्या अंतरावर, एवढीच ही गोष्ट आहे. निलगिरीत तेलावर चालणारी इंजिनंही बनली आहेत. तरी धूर होतो, हे खरं. तो किती चालवून घ्यायचा, यावर मतभेद असू शकतात.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या काकांचा आहे, टेल्कोत बत्तीस वर्षं काढली म्हणाले: ‘उद्या आम्ही दहा जण तयार झालो, तर सुरुवात कशापासून करायची?’

काका, इंजिन मागण्यापासून करू नका. ते मिळणार नाही, आणि मिळालं तर झेपणार नाही. चौथऱ्यावरचं एखादं इंजिन निवडा आणि ते ज्या कचेरीच्या ताब्यात आहे तिच्याकडे एवढीच परवानगी मागा: महिन्यातून एक रविवार आम्ही ते पुसू, धुराड्यावर झाकण बसवू, साचलेल्या पाण्याला वाट करून देऊ, फिरत्या भागांना तेल देऊ, मापं घेऊ, फोटो काढू. पैसे मागत नाही, चालवणार नाही. कुठल्याही भागाला पान्हा लावण्याआधी लेखी विचारू. दुसरं, दौंड-मिरजेकडच्या जुन्या फायरमन-ड्रायव्हरांना त्या रविवारी गाडी करून घेऊन या. इंजिनाशेजारी खुर्ची टाका, चहा द्या, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. घरी सोफ्यावर बसून त्यांना जे आठवणार नाही ते इंजिनाच्या पायरीवर हात ठेवल्यावर आठवेल. तिसरं, प्रत्येक वेळी आयटीआयची दोन मुलं बरोबर असू द्यात. टोला मारायला हातोडा त्यांच्याच हातात द्या. आवाज कसा आला, ते ड्रायव्हरसाहेब सांगतील.

आणि हो, पावसाळ्याच्या आधी सुरुवात करा. झाकण आधी बसवा, बाकीचं सगळं नंतर.